अहवालाचा कौल कसा वाचावा

वेंगुर्ले तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

‘माझे धाकटे दीर चतुर्थीच्या दोन दिवस आधी मुंबईहून गावी आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा धरला, म्हणून सोबत आणलेल्या किटवर त्यांनी घरीच करोनाची चाचणी केली. ती निगेटिव्ह आली आणि आम्ही निर्धास्तपणे सण केला. आरतीला वाडीतली पन्नासेक माणसे येऊन गेली. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दिरांना ताप भरला. पुन्हा केलेल्या चाचणीत इतकी पुसट रेघ दिसली की ती धरावी की सोडावी, यावर घरात वाद झाला. अखेर आरटी-पीसीआर केली, ती पॉझिटिव्ह आली, सीटी २२. आता ते ठणठणीत आहेत, पण कामावर रुजू होण्यासाठी बाराव्या दिवशी केलेली आरटी-पीसीआर पुन्हा पॉझिटिव्हच आली, सीटी ३३. मधल्या काळात माझ्या मुलाला सर्दी होऊन गेली. आता सासऱ्यांना तीन दिवस ताप आहे. त्यांचे वय ७४, मधुमेह आहे. त्यांची किटवरची चाचणी निगेटिव्ह आहे. एक जण म्हणतो छातीचा सीटी स्कॅन करा, दुसरा म्हणतो रक्तातील अँटिबॉडी तपासा. एकाच घरात इतक्या चाचण्या आणि प्रत्येकीचे उत्तर वेगळे. खरे कोणते मानायचे? दिरांना अजून वेगळे ठेवायचे का? आरतीला आलेल्या सगळ्यांनी तपासून घ्यावे का? आणि उरलेली दोन किटे शिमग्यापर्यंत ठेवली तर चालतील का?’

सप्रेम नमस्कार.

सासऱ्यांचा ताप छापील उत्तरासाठी थांबणारा नव्हता, म्हणून त्याबद्दल आपले दूरध्वनीवर बोलणे झालेच आहे. त्याकडे मी नंतर येतो. आधी आपला मूळ प्रश्न घेतो, कारण तो अनेक घरांत विचारला जातो. आपल्याकडे देवळात कौल लावतात, तेव्हा उजवा म्हणजे होकार आणि डावा म्हणजे नकार एवढेच पाहायचे असते, आणि मनाजोगता कौल मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा गाऱ्हाणे घालणारेही असतात. करोनाच्या चाचणीकडे आपण नकळत तसेच पाहू लागलो आहोत. पण आपल्या घरातील चाचण्यांनी एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिलेली नाहीत. प्रत्येक चाचणीने वेगळा प्रश्न विचारला आहे, तोही वेगळ्या दिवशी, आणि ज्या त्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी बरोबरच दिले आहे.

किटवरची चाचणी ही अँटिजेन चाचणी. ती विषाणूच्या आतील एका प्रथिनाचा शोध घेते. नाकातील स्राव द्रवात मिसळून त्याचे थेंब पट्टीवर टाकले की तो पट्टीवरून पुढे सरकतो, आणि त्यात ते प्रथिन पुरेसे असेल तर ‘टी’ या अक्षरासमोर रेघ उमटते. ‘सी’ समोरची रेघ फक्त पट्टी नीट चालली एवढेच सांगते. ती उमटली नाही तर चाचणी बाद समजावी. या साऱ्यात कळीचा शब्द ‘पुरेसे’ हा आहे. अँटिजेन चाचणीत नमुन्यातील विषाणू वाढवून घेण्याची सोय नसते, जेवढा आला तेवढ्यावरच तिला काम भागवावे लागते. त्यामुळे नाकात विषाणू भरपूर असतात त्या काही दिवसांत, म्हणजे साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, ती उपयोगी पडते आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे चुकते. घसा नुकताच धरलेला असतो त्या दिवशी ती निगेटिव्ह येणे तर फार सामान्य आहे, विशेषतः लस घेतलेल्या किंवा पूर्वी करोना होऊन गेलेल्या माणसात, कारण अशा शरीराची प्रतिकारशक्ती लवकर जागी होते आणि विषाणू शिगेला पोहोचण्यापूर्वीच घसा दुखू लागतो. आपल्या दिरांची पहिली चाचणी खोटी नव्हती, ती एक दिवस लवकर झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये यासाठीच असा सल्ला दिला की, लक्षणे असतील तर निगेटिव्ह चाचणी ४८ तासांनी पुन्हा करावी, आणि लक्षणे नसताना केवळ संपर्कामुळे तपासत असाल तर ४८ तासांच्या अंतराने एकूण तीनदा करावी. आपल्याकडे एका निगेटिव्हवर सारे घर मोकळे होते, आणि आपली चतुर्थी नेमकी त्याच भरवशावर पार पडली.

पुसट रेघेचा वाद मात्र एका वाक्यात मिटतो. माहितीपत्रकात दिलेल्या वेळेच्या आत ‘टी’ समोर कितीही फिकट रेघ दिसली तरी ती पॉझिटिव्हच. वेळ उलटून गेल्यावर, म्हणजे तासाभराने कोणी कचऱ्यातून पट्टी उचलून पाहिली आणि तेव्हा रेघ दिसली, तर तिला काही अर्थ नाही.

अँटिजेन चाचणी किती वेळा चुकते, याचे आकडे भारतात पहिल्या किटला मान्यता मिळाली तेव्हाच जाहीर झाले होते. जून २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, दोन ठिकाणी केलेल्या पडताळणीत त्या किटने खऱ्या बाधितांपैकी ५०.६ ते ८४ टक्के लोकांना ओळखले, आणि बाधा नसलेल्यांपैकी ९९.३ ते १०० टक्के लोकांना योग्य रीतीने निगेटिव्ह ठरवले. हे आकडे वाचून ‘निगेटिव्हवर विश्वास ठेवू नका, पॉझिटिव्ह आली तर मात्र खरीच’ असा सोपा नियम बरेच जण काढतात. तो अर्धाच बरोबर आहे, आणि का ते समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

सणाच्या तोंडावर खारेपाटणच्या नाक्यावरून सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरणारे १,००० चाकरमानी डोळ्यांसमोर आणा. समजा किट १०० बाधितांपैकी ६० जणांना पकडते आणि बाधा नसलेल्या २०० जणांमागे एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. साथ जोरात आहे आणि या हजारात २०० जण खरोखर बाधित आहेत असे धरले, तर १२० पकडले जातील, ८० निसटतील आणि बाधा नसलेल्या ८०० पैकी ४ जणांवर खोटा शिक्का बसेल. म्हणजे १२४ पॉझिटिव्हपैकी ४ चुकीचे, पण निगेटिव्ह आलेल्या दर अकरा जणांत एक जण विषाणू घेऊन गावात उतरणार. आता साथ ओसरली आहे आणि हजारात ५ जणच बाधित आहेत असे धरा. तेच किट त्यांतील ३ पकडेल, २ सोडेल, आणि बाधा नसलेल्या ९९५ पैकी सुमारे ५ जणांना उगीच अडकवेल. आता आठ पॉझिटिव्हपैकी पाच चुकीचे आहेत! किट तेच, तपासणारा माणूस तोच; बदलले ते फक्त साथीचे प्रमाण. अहवालाचा अर्थ चाचणी होण्यापूर्वीच्या शक्यतेवर एवढा अवलंबून असतो, आणि ही गोष्ट अहवालाच्या कागदावर कुठेही छापलेली नसते. ज्या घरात एक जण नक्की बाधित आहे, त्या घरातील ताप आलेल्या वृद्धाची चाचणी निगेटिव्ह आली तर ती त्या १,००० पैकी कुठल्या गटात मोजायची, हे आता आपल्यालाही सांगता येईल.

आरटी-पीसीआरचे काम निराळे आहे. करोनाच्या विषाणूचे जनुकीय द्रव्य आरएनए असते. प्रयोगशाळेत त्याचे आधी डीएनएमध्ये रूपांतर करतात आणि मग त्यातील ठरावीक तुकड्यांच्या प्रती काढतात. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात, त्यामुळे दहा आवर्तनांत एकाच्या हजाराहून अधिक होतात. मूळ पीसीआर ही कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती, आणि १९९३ मध्ये त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रती वाढत जातात तशी नमुन्यातील चमक वाढते, आणि यंत्राला ती ज्या आवर्तनाला ओळखू येते त्या आवर्तनाचा क्रमांक म्हणजे सीटी. विषाणू जास्त असेल तर चमक लवकर दिसते आणि सीटी कमी येते. विषाणू कमी असेल तर उलट. दिरांची सीटी २२ वरून ३३ वर गेली, म्हणजे अकरा आवर्तने वाढली, म्हणजेच दुसऱ्या नमुन्यातील विषाणूचे द्रव्य पहिल्याच्या सुमारे दोन हजारांशापर्यंत उतरले.

पण या आकड्याला फार लटकू नये. नाकात काडी किती खोल गेली, नमुना प्रयोगशाळेत कसा पोहोचला, कोणत्या कंपनीचे किट वापरले, यांवर तो चार-पाच घरे सहज इकडेतिकडे होतो. आयसीएमआरने भारतात ३५ पर्यंतची सीटी पॉझिटिव्ह धरायला सांगितले होते. २०२१ च्या लाटेत महाराष्ट्राकडून ही मर्यादा २४ वर आणावी का, अशी विचारणा झाली, तेव्हा परिषदेने नकार दिला, कारण तसे केल्याने संसर्ग पसरवू शकणारे अनेक जण सुटले असते. सीटी कमी म्हणजे आजार गंभीर, हेही समीकरण नाही. सीटी १६ असूनही दोन दिवसांत उठून बसलेली तरुण मुले मी पाहिली आहेत, आणि सीटी ३० असताना प्राणवायू लावावा लागलेले आजोबाही पाहिले आहेत.

आता त्या दुर्दैवी नामसाधर्म्याकडे येतो. अहवालातील ‘सीटी’ आणि ‘सीटी स्कॅन’मधील ‘सीटी’ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पहिली पीसीआरच्या आवर्तनांची संख्या आहे, दुसरे क्ष-किरणांनी छातीचे काप पाडून पाहण्याचे तंत्र आहे. २०२१ मध्ये ‘स्कोर किती आला?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता, आणि स्कॅनच्या पंचवीसपैकी मिळणाऱ्या गुणांशी पीसीआरचा आकडा ताडून पाहणारे लोकही भेटत होते. पंचवीसपैकी २२ म्हणजे फुप्फुसाचा मोठा भाग व्यापला गेला आहे. पीसीआरची २२ म्हणजे केवळ विषाणू मुबलक आहे. आपल्या घरातही बहुधा हीच गल्लत झाली असावी, कारण ‘सीटी २२ आली म्हणून स्कॅन करा’ असे कोणी सांगितल्याचे आपण दूरध्वनीवर म्हणाला होता. स्कॅन हे करोना आहे की नाही हे ठरवण्याचे साधन नव्हे. पहिल्या काही दिवसांत तो निर्दोष येऊ शकतो, तशा छटा इतर न्यूमोनियांतही दिसतात, आणि शरीरात विनाकारण किरणोत्सर्ग जातो तो वेगळाच. धाप लागत असेल, प्राणवायूची पातळी उतरत असेल आणि पुढील उपचार ठरवायचे असतील, तेव्हा डॉक्टर तो सांगतील. अँटिबॉडीची चाचणी तर इथे पूर्णपणे निरुपयोगी आहे. अँटिबॉडी तयार व्हायला दिवस लागतात, आणि लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात त्या असतातच. त्या आजाराचे निदान करत नाहीत. एप्रिल २०२० मध्ये घाईने आणलेले अँटिबॉडी किट काही दिवसांतच थांबवावे लागले होते, ते आठवत असेल.

नमुना कसा पोहोचला, असे मी वर म्हटले, त्यावर जरा थांबतो, कारण कोकणात ही गोष्ट महत्त्वाची ठरते. आरएनए हे फार नाजूक द्रव्य आहे. काडी गुलाबी द्रवाच्या नळीत बुडवून ती नळी २ ते ८ अंश तापमानात न्यावी लागते. आपल्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. बांगडा बर्फाविना दुपारपर्यंत ठेवला तर काय होते, हे वेंगुर्ल्याच्या बाजारात पोरालाही ठाऊक असते. साथीच्या पहिल्या काही महिन्यांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील नमुने घाट चढून मिरजेच्या प्रयोगशाळेत जात होते, आणि अहवालाला लागणाऱ्या दिवसांत घरोघरी जे तर्क चालत ते आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते. नंतर जिल्ह्यांत सोय झाली. शिवाय ट्रूनॅट हे यंत्र आले. ते आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीचे, मुळात क्षयरोगाच्या निदानासाठी बनवलेले आणि बॅटरीवर चालणारे, म्हणजे पावसाळ्यात आपल्याकडे वीज जशी असते ते पाहता फार उपयोगाचे. ट्रूनॅटचा अहवालही जनुकीय चाचणीचाच असतो; त्याला ‘साधी टेस्ट’ समजून पुन्हा आरटी-पीसीआर करायला धावू नये.

दिरांच्या बाराव्या दिवसाच्या अहवालाचे उत्तर एव्हाना आपल्या लक्षात आले असेल. पीसीआर विषाणूच्या जनुकाचा तुकडा शोधते; तो तुकडा जिवंत विषाणूचा की मेलेल्या विषाणूच्या अवशेषांचा, हे तिला कळत नाही. बऱ्या झालेल्या माणसात असे अवशेष काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंतही सापडतात. म्हणून सरकारने मे २०२० मध्येच सौम्य रुग्णांना घरी सोडण्यापूर्वी चाचणी करण्याची अट काढून टाकली, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून १० दिवस झाले व ताप नसला की पुरे, असे ठरवले. आपल्या दिरांना ताप नाही, दहा दिवस उलटले आहेत. त्यांना वेगळे ठेवण्याचे कारण उरलेले नाही. त्यांनी तिसऱ्यांदा आरटी-पीसीआर करू नये. ज्या डॉक्टरांनी त्यांना तपासले त्यांच्याकडून लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि ताप उतरल्याची तारीख लिहिलेला दाखला घ्यावा आणि तो कार्यालयात द्यावा. निगेटिव्ह कागदाचा हट्ट धरणारी कार्यालये अजूनही आहेत, हे मला ठाऊक आहे. तसा हट्ट झालाच तर अँटिजेन चाचणी चालेल का, असे विचारावे. या टप्प्यावर ती पीसीआरपेक्षा अधिक समंजस उत्तर देते, कारण माणूस संसर्ग पसरवत असतो तेव्हाच तिला बहुधा रेघ उमटते.

आता सासरे. ‘माका कायएक जावक नाय’ असे म्हणत त्यांनी काडी नाकाशी येताच मान फिरवली आणि काडी नाकपुडीच्या कडेला लागून परत आली, हे आपण प्रांजळपणे सांगितलेत, म्हणून मला निर्णय करणे सोपे गेले. बाधित माणसाच्या घरातील, तीन दिवस ताप असलेल्या, मधुमेही वृद्धाची अशा रीतीने केलेली अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली, तर ती झालीच नाही असे समजावे. आयसीएमआरचा सल्लाही सुरुवातीपासून हाच आहे की, लक्षणे असताना अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करावी. त्याच दिवशी ती करायला मी सांगितले, आणि त्याबरोबर रक्त तपासून लेप्टो (म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), डेंग्यू आणि मलेरियाचाही शोध घ्यायला सांगितले. याबद्दल आपल्याला आश्चर्य वाटले होते. पण भाद्रपदात सिंधुदुर्गात ताप आला की तो करोनाचाच असेल असे धरणे जितके धोक्याचे, तितकेच करोना निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होणेही धोक्याचे. सासरे अनवाणी कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरतात, त्यांच्या टाचांना भेगा आहेत. लेप्टोचे जंतू अशाच वाटेने शिरतात, आणि पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसण्याची वाट पाहत बसले तर उशीर होतो. दोडामार्ग-बांदा पट्ट्यातील वाचकांनी हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंतच्या तापात माकडतापाचाही, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचाही, विचार मनात ठेवावा. करोनाची चाचणी फक्त करोनाबद्दल बोलते. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ या उपप्रकाराचा महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आपल्या सिंधुदुर्गातच सापडला होता, तेव्हा करोना इथून गेला असे म्हणता येत नाही. पण इतर ताप त्याच्या आधीपासून इथे मुक्कामाला आहेत.

सासऱ्यांची आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली आणि लेप्टो निगेटिव्ह, असे आपण कळवलेत. निदान वेळेवर झाल्याचा लाभ असा की, वृद्ध आणि मधुमेही रुग्णांना द्यायची विषाणूरोधक औषधे लक्षणांच्या पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात. ती द्यायची का, हे त्यांची इतर औषधे पाहून डॉक्टर ठरवतील. घरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ठेवा. आकडा ९४ च्या खाली गेला, चार पावलांत धाप लागली, ते असंबद्ध बोलू लागले किंवा जेवण सोडले, तर कुठल्याही चाचणीची वाट न पाहता रुग्णालयात न्या. साखर रोज तपासा, ती या दिवसांत हटकून वाढते.

आरतीला आलेल्या पन्नास जणांची सरसकट चाचणी करण्याची आवश्यकता नाही. जानेवारी २०२२ पासून आयसीएमआरचाही सल्ला असा आहे की, संपर्कात आलेल्यांपैकी ज्यांचे वय किंवा जुने आजार यांमुळे धोका अधिक आहे त्यांनीच तपासून घ्यावे. बाकीच्यांनी लक्षणे दिसली तर. आता तीन आठवडे उलटल्यामुळे त्या आरतीसाठी हा प्रश्नच उरत नाही. गेल्या आठवड्यात सासऱ्यांपाशी बसून गेलेली वयस्क मंडळी असतील, तर त्यांना मात्र मोकळेपणाने कळवा. संपर्कानंतर दुसऱ्याच दिवशी चाचणी करून ती निगेटिव्ह आल्याचे समाधान मानू नका, असेही सांगा. पाचव्या दिवसाच्या सुमारास केलेली चाचणी अधिक बोलकी असते. आपल्या मुलाची सर्दी कशाची होती, हे आता शोधण्यात अर्थ नाही. ती करोनाची असण्याचा संभव बराच आहे, आणि आजोबांपर्यंत विषाणू बहुधा त्याच वाटेने गेला. पण म्हणून पोराला बोल लावू नये.

उरलेल्या दोन किटांबद्दल. पाकिटावरची मुदत आधी पाहा. ती शिमग्यापुढची असेल तर किटे ठेवायला हरकत नाही, पण ती ३० अंशांच्या आत आणि कोरड्या जागी राहायला हवीत, म्हणजे पत्र्याखालच्या माळ्यावर नकोत, चुलीजवळच्या फळीवरही नकोत आणि बर्फाच्या कप्प्यातही नकोत. आतल्या खोलीतील कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवलेली बरी. आपल्या दमट हवेत पट्टीचे चांदीचे पाकीट चाचणी करण्याच्या क्षणापर्यंत फोडू नये, आणि ते आधीच फुटलेले आढळले तर ते किट टाकून द्यावे.